जुना दस्ता, नवी पेटी

बंदुकीच्या बाबतीत मराठी भाषा दरिद्री आहे असे कोणी म्हटले, तर ते आम्हांस मान्य होणार नाही. नळी, दस्ता, चाप, घोडा, कान, गज, रंजक, तोडा असे कितीतरी शब्द बखरींतून आणि कागदपत्रांतून आमच्यापर्यंत चालत आलेले आहेत. तोड्याची बंदूक वेगळी, ठासणीची वेगळी, हे शाळकरी पोरासही ठाऊक असे. तथापि, ही शब्दसंपत्ती ठासणीच्या बंदुकीपाशी येऊन थांबते. पुढे मागून काडतूस भरण्याच्या रायफली आल्या, त्यांचे बोल्ट आणि मॅगझिन आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची नावेही परदेशातूनच आली. रायफलीच्या दस्त्याच्या खालच्या अंगास चापाभोवतीचे कडे आणि काडतुसांच्या कोठ्याचा तळ अशी जी एक धातूची चौकट असते, तिला व्यापारी ‘बॉटम मेटल’ म्हणतात. आम्ही तिला या लेखापुरते ‘तळचौकट’ म्हणणार आहोत. वाचकांनी हा शब्द पसंत केलाच पाहिजे असा आमचा आग्रह नाही.

या तळचौकटीने आमच्या घरात सुमारे आठ महिने ठाण मांडले होते. एका जुन्या रायफलीची मूळची बंद तळचौकट काढून तिच्या जागी सुट्या पेटीची, म्हणजे काडतुसांची डबी खालून काढता-घालता येईल अशी, तळचौकट बसवावी की नाही, असा प्रश्न होता. प्रश्न दिसावयास सुताराचा आणि लोहाराचा. पण त्यात आजोबांचा दस्ता आला, नागपूरच्या वडील बंधूंचा शब्द आला, शस्त्रास्त्रांचा कायदा आला आणि शेवटी रायपूरचा पावसाळाही आला. परमुलखात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी एखादी वारशाची वस्तू असणार, आणि तिचे काय करावे हा प्रश्न दर बदलीच्या वेळी पेटाऱ्याबरोबर उघडत असणार. म्हणून हा सारा तपशील थोडा विस्ताराने सांगण्याचे धाडस करीत आहो.

रायफल आमच्या आजोबांची. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात ते महसूल खात्यात होते. नागपूर आणि रायपूर त्या काळी एकाच प्रांतात होते, त्यामुळे छत्तीसगडात बदली म्हणजे परप्रांतात बदली नव्हे. मराठ्यांचा या भूमीशी संबंध त्याहूनही जुना आहे. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून या मुलखाचा कारभार पाहत होते. रायपुरात आजही तात्यापारा हे नाव कानी पडले की नवख्या मराठी माणसास दोन क्षण आपण घरीच आहो असे वाटते. १९५६ साली प्रांतांची पुनर्रचना होऊन नागपूर एकीकडे गेले आणि रायपूर दुसरीकडे राहिले. २००० साली छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. आजोबांची रायफल मात्र तीच राहिली. ती आता आमच्या परवान्यावर आहे, आणि आमची बदली रायपुरास झाली तेव्हा जवळजवळ पाऊणशे वर्षांनी ती या गावी परत आली.

ती माऊझर पद्धतीची आहे. पॉल माऊझर या जर्मन कारागिराने १८९८ साली जी रचना सिद्ध केली, तिच्यावर जगातील निम्म्याहून अधिक शिकारी रायफलींचे कुळ सांगता येईल असे जाणकार म्हणतात. तिचे काडतूस युरोपात सात मिलिमीटरचे म्हणून ओळखले जाते आणि इंग्रज त्यालाच .२७५ म्हणत. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या पारिपत्याबद्दल १९०७ साली जी रायफल भेट मिळाली, ती याच मापाची होती. आमच्या आजोबांच्या रायफलीला असा लौकिक नाही. तिने काही डुकरे मारली, एकदा एका गावाच्या विनंतीवरून एक बिबट्या मारला, आणि बाकीचा काळ ती तंबूच्या खांबास टेकून उभी राहिली.

माऊझरच्या रचनेत काडतुसांचा कोठा बंद असतो. बोल्ट मागे ओढून वरून पाच काडतुसे आत दाबावयाची. ती आत डावी-उजवी अशी आलटून पालटून दोन रांगांत बसतात आणि खालची स्प्रिंग त्यांना वर लोटीत राहते. दोन रांगांमुळे कोठा दस्त्याच्या पोटातच मावतो, खाली काही लोंबत नाही, आणि हात धरावयास जागा मोकळी राहते. ही युक्ती खरोखर सुंदर आहे. परंतु कोठा रिकामा करावयाचा झाल्यास अडचण येते. आमच्या रायफलीचा तळ लष्करी नमुन्याचा आहे. त्याची खिट्टी काडतुसाच्या टोकाने किंवा एखाद्या सळईने दाबावी तेव्हा तळाची पट्टी सुटते. ते करण्याचा कंटाळा आला की माणसे दुसरा मार्ग धरतात: बोल्ट पुढे ढकलून एकेक काडतूस नळीत चढवावयाचे आणि मागे ओढून बाहेर फेकावयाचे. म्हणजे रायफल रिकामी करण्यासाठी ती पाच वेळा पुरती भरावयाची. त्या पाच वेळांपैकी एका वेळी बोट चापावर गेले की पुढचे सांगावयास नको.

हे केवळ कल्पनेने लिहीत नाही. आमच्या घराण्यात एक हकीकत चालत आलेली आहे. आजोबांच्या एका मुक्कामात संध्याकाळी अंधार पडतापडता एक शिपाई अशाच रीतीने ही रायफल रिकामी करीत होता. चार काडतुसे बाहेर पडली. पाचवे नळीतून उडाले आणि तंबूचे कापड फाडून पलीकडच्या पळसाच्या खोडात शिरले. पळसापलीकडे स्वयंपाक चालला होता. कोणास इजा झाली नाही. परंतु त्या रात्रीपासून आजोबांनी रायफल रिकामी करण्याचे काम दुसऱ्या कोणाच्या हाती दिले नाही, आणि वडिलांनीही दिले नाही.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकारीचा अध्याय संपला. तो संपला हे योग्यच झाले. याच छत्तीसगडातील कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७ साली एका रात्रीत तीन चित्ते मारल्याचे सांगितले जाते, आणि आपल्या देशातील जंगली चित्त्यांची ती शेवटची जोरकस नोंद मानण्यात येते. १९५२ साली चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले, आणि सत्तर वर्षांनी, २०२२ साली, नामिबियाहून विमानाने चित्ते आणून ते मध्यप्रदेशातील कुनोच्या जंगलात सोडावे लागले. ज्या हत्याराने तीन क्षणांत जे घालवले, ते परत आणण्यास दोन देशांची सरकारे लागली. असे असताना घरात रायफल ठेवणाऱ्या माणसास लोकांनी कारण विचारले तर तो त्यांचा अधिकारच आहे. आमचे कारण साधे आहे. वर्षातून काही वेळा परवानगीच्या रेंजवर जाऊन कागदावर नेम धरणे हा आमचा एकमेव व्यायाम आहे, आणि आमची धाकटी मुलगी आता त्यात आमच्याहून पुढे गेली आहे.

प्रश्नाचे मूळ या मुलीत आहे. रेंजवर ‘रिकामी करा’ असा हुकूम झाला की प्रत्येकाने आपली रायफल उघडून दाखवावी लागते. इतरांच्या सुट्या पेट्या एका खटक्यासरशी हातात येतात, आणि आमच्या मुलीला पाच वेळा बोल्ट मागेपुढे करावा लागतो. शिवाय निवडणुकीच्या आचारसंहितेत जिल्हा प्रशासनाचा हुकूम निघाला म्हणजे शस्त्र ठाण्यावर जमा करावे लागते. तेथे शस्त्र हाताळणारी माणसे प्रामाणिक असतात, पण प्रत्येकास माऊझरची खिट्टी ठाऊक असेलच असे नाही. पेटी काढून वेगळी दिली आणि बोल्ट उघडा ठेवला की हत्यार रिकामे आहे हे कोणासही कळते. मुलीने एके दिवशी सरळच विचारले, “बाबा, पळसाच्या झाडाची गोष्ट तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलीत, मग त्यावर उपाय का नाही करीत?” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

उपाय करणे म्हणजे दस्त्यास पटाशी लावणे, हे आम्ही जाणून होतो. नवी तळचौकट जुन्या खाचेत तशीच बसत नाही. पेटीसाठी भोक रुंद करावे लागते, खटक्यासाठी जागा कोरावी लागते, कड्याची रेषा बदलते. आजोबांचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे. मुठीवरची चौकड्यांची नक्षी ज्या ठिकाणी त्यांचा अंगठा येत असे तेथे पार गुळगुळीत झाली आहे. आम्ही नागपूरला दादांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर चौथ्या दिवशी आले आणि ते चार ओळींचे होते. “रायफल तुझ्या परवान्यावर आहे, तेव्हा कायद्याने ती तुझी. पण तो दस्ता एकट्या तुझा नाही. आप्पांचा हात ज्यावर होता ते लाकूड तू कोरणार असशील, तर रायफल आधी जमा कर आणि मग मला कळव.” दादा एवढे बोलतात तेव्हा त्यावर युक्तिवाद करावयाचा नसतो, हे आम्ही लहानपणीच शिकलो आहो.

मुलीची सुरक्षितता एका बाजूला आणि दादांचा शब्द दुसऱ्या बाजूला. दोन्ही पक्ष बरोबर होते, त्यामुळे निर्णय अधिकच कठीण झाला. कार्यालयात अशी फाइल आली असती तर आम्ही ती ‘पुनश्च विचारार्थ’ म्हणून खाली पाठवली असती. घरात ती सोय नाही.

तेवढ्यात कायद्याचा भाग पाहून घेतला. १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात, आणि दुरुस्तीचे वा बदलाचे काम परवान्याविना करता येत नाही. म्हणजे परदेशातील एखाद्या मित्राने प्रेमाने एक तळचौकट सामानात घालून आणावी आणि घरच्या सुताराने ती बसवावी, हा मार्ग बंद. तो बंद असणे आम्हांस गैर वाटत नाही. आमच्या सुदैवाने रायपुरातच परवानाधारक दुकान आणि त्यात काम करणारा एक वृद्ध मिस्त्री भेटला. दुकानदाराच्या मार्फत सर्व कागदपत्रांसह तळचौकट आणि पेटी मिळण्यास बराच काळ लागला. या काळात रायफलीऐवजी आम्ही अर्जच अधिक हाताळले.

मिस्त्री छत्तीसगडी. वय सत्तरीच्या घरात. त्याने आयुष्यात सर्वांत जास्त हाताळली ती .३१५ ची रायफल. कलकत्त्याजवळ इशापूर येथील सरकारी रायफल कारखान्यात ती तयार होते, आणि मध्य भारतातील परवानाधारकांच्या घरी तीच बहुधा आढळते. हिच्या जन्माची कथाही मजेची आहे. लष्कराचे .३०३ चे काडतूस सामान्य माणसास बाळगण्याची इंग्रजी अमलात बंदी होती, म्हणून लष्करी रायफलीचेच यंत्र घेऊन त्यास वेगळे काडतूस बसवण्यात आले. यंत्र ली-एन्फील्डचे असल्यामुळे पेटी मुळातच सुटी. जेम्स पॅरिस ली या मूळच्या स्कॉटिश कारागिराने अमेरिकेत १८७९ साली या सुट्या पेटीचे पेटंट घेतले होते. गंमत अशी की ब्रिटिश लष्कराने पेटी सुटी असलेली रायफल घेतली, पण शिपाई पेटी हरवील या भीतीने सुरुवातीच्या काळात ती साखळीने रायफलीलाच बांधून टाकली! सरकारी मालमत्तेच्या नोंदवह्या ज्यांनी सांभाळल्या आहेत, त्यांना या निर्णयामागची मनोवृत्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

मिस्त्रीने आमची रायफल बोल्ट काढून उन्हाकडे धरली, दस्ता वेगळा केला, त्यावरून हात फिरवला, आणि पहिलेच वाक्य बोलला ते असे: साहेब, लोखंड कमी पडले तर घालता येते, लाकूड एकदा काढले की काढले. मग त्याने विचारले, हा दस्ता कोरावयाचाच कशाला? नवा दस्ता घडवू. नवी तळचौकट नव्या लाकडात बसवू. जुना दस्ता आणि जुनी तळचौकट यांना हात लावावयाचा नाही. दोन मळसूत्रे सोडली की ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी रायफल पुन्हा जशी होती तशी.

आम्ही दोन महिने ज्या प्रश्नाभोवती फिरत होतो, त्याचे उत्तर त्याने दोन मिनिटांत दिले. दादांना कळवले. उत्तर आले, “मिस्त्रीला माझा नमस्कार सांग.”

आता कामाविषयी. माऊझरचे यंत्र वर, तळचौकट खाली, आणि मध्ये लाकूड. पुढे एक आणि मागे एक अशी दोन मळसूत्रे या तिघांना एकत्र आवळतात. बार उडाला की यंत्र मागे रेटते. तो रेटा यंत्राच्या पोटाशी असलेला एक जाड दात घेतो आणि लाकडास देतो. हा दात लाकडात सर्वांगाने टेकला पाहिजे, नाहीतर काही बारांतच दस्ता तडकतो. मिस्त्रीने तेलात काजळ कालवले, लोखंडाच्या खालच्या अंगास बोटाने पातळसे लावले, यंत्र खाचेत ठेवून अलगद दाबले आणि उचलले. जेथे काळा डाग उमटला तेथे लोखंड टेकते आहे. तेवढाच डाग पटाशीने खरवडावयाचा. पुन्हा काजळ, पुन्हा दाब, पुन्हा खरवड. एका सकाळी आम्ही मोजले, बावीस वेळा झाले तेव्हा त्याने पान खाण्यासाठी हात थांबवला. बाळाच्या डोळ्यात घालावयाच्या काजळाचा असाही उपयोग असतो हे पाहून आमच्या सौभाग्यवतींना मोठे नवल वाटले.

लाकूड त्याने काश्मिरी अक्रोडाचे निवडले. शिसवी त्याच्याजवळ होते, पण ते जड. सागवान तेलकट आणि धक्क्याला फाटणारे, असे त्याचे मत पडले. अक्रोडाचा तो ओंडका दुकानाच्या माळ्यावर कित्येक वर्षे वाळत पडलेला होता. लाकडाचा स्वभाव असा की ते रेषांच्या लांबीत फारसे वाढत नाही, पण रुंदीत आणि जाडीत हवेबरोबर फुगते व आक्रसते. रायपुरात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस अंशांच्या आसपास जातो, आणि जुलैत भिंतींना ओल येते. या दोन टोकांमध्ये दस्ता श्वास घेतो म्हटले तरी चालेल. तो फुगला की मळसूत्रांचा आवळ बदलतो, आवळ बदलला की यंत्रास बारीकसा बाक येतो, आणि उन्हाळ्यात मधल्या काळ्या ठिपक्यावर लागणारी गोळी पावसाळ्यात बोटभर बाजूला जाते. माणूस मात्र आपला हात बिघडला असे समजत बसतो.

यावरचा उपाय म्हणजे मळसूत्रांभोवती धातूच्या नळ्या. माऊझरने मागच्या मळसूत्रास अशी एक छोटी नळी मुळातच दिली होती. मिस्त्रीने पुढेही दिली. वरचे यंत्र आणि खालची चौकट या नळ्यांवर टेकतात, लोखंड लोखंडास आवळते, आणि भोवतालचे लाकूड खुशाल फुगो वा आक्रसो, अंतर तेवढेच राहते. नळ्यांभोवती त्याने इपॉक्सीचा पातळ थर भरला. जुन्या कारागिरांजवळ हे रसायन नव्हते. मिस्त्रीने ते कोणाकडून शिकले असे विचारता, मोटारीच्या कारखान्यातील पोराकडून, असे उत्तर आले.

नळ्यांची लांबी हाच या साऱ्या कामाचा प्राण आहे, हे आम्हांस हळूहळू उमगले. पेटी तळचौकटीत अडकते, म्हणून तळचौकट यंत्रापासून जितकी दूर, तितकी पेटी खाली. पेटी केसभर खाली राहिली तर बोल्ट काडतुसाच्या डोक्यावरून कोराच पुढे निघून जातो. केसभर वर आली तर बोल्ट पेटीच्या ओठांवर घासतो. मिस्त्रीने नळ्या मुद्दाम थोड्या लांब कापल्या आणि कानशीने एकेक घास घेत त्या उतरवल्या. नळी चुकली तर दुसरी कापता येईल, लाकूड चुकले तर नाही, हे त्याचे तत्त्व येथेही होतेच.

पेटीच्या मापाचीही अडचण होती. सध्या सर्वत्र प्रचारात असलेली आखूड पेटी .३०८ च्या काडतुसासाठी असते आणि ते काडतूस सुमारे ७१ मिलिमीटरचे. आमचे सुमारे ७८ चे. ते तीत मावतच नाही. म्हणून लांब काडतुसांची पेटी घ्यावी लागली, आणि ती लांब पडते म्हणून तिच्या पाठीशी धातूची एक पट्टी बसवून जागा भरून काढावी लागली. परमुलखात मिळालेल्या सरकारी बंगल्यात आपले सामान मांडण्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना ही कसरत ओळखीची वाटेल.

सर्वांत बिकट प्रश्न अखेरीस आला. माऊझरच्या बोल्टला एक लांब नखी असते. पेटीतून काडतूस वर येते तेव्हा त्याची मागची कडा या नखीखाली सरकली पाहिजे. मग नखी ते काडतूस नळीत जाईपर्यंत आणि परत बाहेर येईपर्यंत सोडीत नाही. जुन्या कोठ्यात काडतुसांना धरून ठेवण्याचे काम यंत्रातच कोरलेल्या कडा करतात. नव्या पेटीत ते काम पेटीचे स्वतःचे ओठ करतात. या ओठांनी काडतूस योग्य क्षणी सोडले नाही, तर ते नखीच्या पुढे उडी मारते आणि नळीत मोकळे जाऊन पडते. दुकानात सारी परीक्षा बारूद नसलेल्या नकली काडतुसांनी चालली होती. पहिल्या दिवशी पाचांपैकी दोन उड्या मारीत. मिस्त्रीने ओठांना हात लावला नाही. त्याने पुढची नळी किंचित उतरवली, पेटीचे पुढचे अंग तेवढेच वर आले, आणि दुसऱ्या दिवशी एकच काडतूस उडी मारू लागले. तिसऱ्या दिवशी एकही नाही. मग त्याने मुलीला बोलावून घेतले आणि तिच्या हातून शंभर वेळा तीच क्रिया करवली, सावकाश, झपाट्याने, रायफल तिरपी धरून, उलटी धरून. शंभरांत शंभर झाल्यावर तो म्हणाला की, आता पाऊस पडू द्या.

त्याने रायफल देण्याचे नाकारले. नवे लाकूड एक पावसाळा पाहिल्याशिवाय आपण पास करीत नाही, असा त्याचा नियम. दस्त्यास जवसाच्या तेलाचे हात देणे चालू राहिले, विशेषतः जेथे लाकडाच्या रेषा तुटून उघड्या पडतात त्या टोकांना, कारण ओल तेथूनच शिरते. आषाढ अमावास्येला आम्ही सहज दुकानावर गेलो. आपल्याकडे त्या दिवशी दिव्यांची आवस. घरातील समया, निरांजने घासूनपुसून त्यांची पूजा करावयाची. छत्तीसगडात त्याच दिवशी हरेली असते. शेतकरी नांगर, कुदळ, फावडे धुऊन त्यांची पूजा करतात आणि पोरे बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून फिरतात. मिस्त्रीनेही आपल्या पटाश्या, कानशी, गिरमिट पाटावर मांडून त्यांना गुलाल वाहिला होता. आमची रायफल त्या पाटावर नव्हती. आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला की, पूजा काम करणाऱ्या वस्तूंची; हिचे काम अजून सुरू झालेले नाही. आम्हा मराठी माणसांना खंडेनवमीची शस्त्रपूजा ठाऊक, पण हा भेद आमच्या कधी ध्यानात आला नव्हता.

पावसाळा सरता सरता मुलीने रेंजवर शंभर मीटरांवरून पाच गोळ्या मारल्या. सहा आठवड्यांनी, कोरड्या हवेत, त्याच दुर्बिणीने आणि त्याच काडतुसांनी आणखी पाच. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून आम्ही उजेडाकडे धरले. दोन्ही घोळके जवळजवळ एकाच जागी पडले होते. जुन्या दस्त्यावर ते असे कधीच पडले नव्हते. परंतु आम्हांस खरा आनंद झाला तो त्यापूर्वी, ‘रिकामी करा’ असा हुकूम झाला तेव्हा. खटका वाजला, पेटी मुलीच्या डाव्या हातात आली, बोल्ट एकदा उघडला, आणि रायफल रिकामी असल्याचे तिच्या आधी शेजारच्यांना दिसले.

आमचे काही मित्र म्हणतात की, एवढा खटाटोप करण्यापेक्षा जुनी रायफल जमा करून टाकावयाची होती. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि पुढे हे बंधन सैल होईल असे दिसत नाही. आम्हीही ते व्हावे असे म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जी वस्तू ठेवावयाची ती सुरक्षित करून ठेवावी, आणि ती करताना मागच्या माणसाचा हात पुसून टाकू नये. या दोन गोष्टींत आम्हांस जो विरोध दिसत होता, तो आमच्या विचारातला होता. मिस्त्रीच्या हाताला तो दिसला नाही.

जुना दस्ता जुन्या तळचौकटीसह खादीच्या कापडात गुंडाळून आम्ही दिवाळीत नागपूरला दादांकडे जाताना त्याची छायाचित्रे नेली. दस्ता बरोबर न्यावा असे मनात होते, पण तळचौकट हा शस्त्राचा भाग, आणि परवाना आमच्या नावाचा. दादांनी छायाचित्रांवरील मुठीची गुळगुळीत जागा भिंगातून पाहिली आणि विचारले की, नव्या दस्त्यावर नक्षी काढून घेतली का. नाही, असे आम्ही सांगितले. मिस्त्री काढणार होता, मुलीनेच नको म्हटले. तिच्या मते मूठ आधी हाताला नीट कळू द्यावी. दादांनी भिंग खाली ठेवले. “तिचा अंगठा कुठे पडतो ते बघ,” ते म्हणाले, “आणि तेवढी जागा सोडून काढायला सांग.”